वेढ्यातलं खरेदीखत

प्रिय सुवार्ता,



तुझं पत्र वाचलं. उत्तर फक्त तुलाच लिहावं असं आधी वाटलं होतं. पण तू विचारलेला प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. पोलीस ठाण्याच्या बाकावर तासन्‌तास बसणारी आणि रविवारी मंडळीत मान खाली घालून गाणारी कितीतरी पोरं हाच प्रश्न घेऊन फिरतात. म्हणून तुला विचारून हे उत्तर जाहीरच लिहिते आहे.

तू लिहिलंस ते थोडक्यात असं. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की मुकादम उचल वाटतो. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, लग्न झालं की पुरा कोयता, आणि उचलही त्या हिशेबाने. म्हणून नववीतल्या पोरीचं लग्न ठरलं. तू ग्रामसेवकाला गाठलंस, मांडवात जाऊन लग्न थांबवलंस, बापाकडून लिहून घेतलंस. आठवडा उलटायच्या आत पाहुण्यांच्या वस्तीवर रातोरात अक्षता पडल्या. तक्रार केलीस, तर पंगतीला बसलेली माणसंच म्हणाली, आम्ही तिथं नव्हतोच. पोरगी ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यावर गेली. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तुला सांगितलं, "प्रार्थना कर, प्रभूवर सोपव." त्यावर तू मला विचारतेस, "आत्या, सोपवलं होतंच की. मग?"

मी देवाची वकिली करायला बसलेली नाही. पवित्र शास्त्रही ती करत नाही. दीडशे स्तोत्रांतली कितीतरी सरळ तक्रारीची आहेत. देवा, किती वेळ, तू झोपलास का, असं तोंडावर विचारणारी. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडून बघ. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही. तरीही ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली त्यांनी ते गाळलं नाही, मंडळीच्या उपासनेत ठेवलं. म्हणजे रडणं, भांडणं हा विश्वासाचा अभाव नव्हे. विश्वास नसता तर माणूस भांडायला देवाच्या दारात गेलाच नसता.

विलापगीताचंही तसंच. बाबेलच्या फौजेने यरुशलेम जाळलं त्यानंतरचा हा पाच अध्यायांचा आकांत. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे वचन आपण लग्नपत्रिकांवर छापतो, भिंतीवर टांगतो. ते कुठे आहे बघ. तिसऱ्या अध्यायाच्या मध्यावर आहे. त्याच्या आधी भुकेने रस्त्यात कोसळणारी पोरं आहेत, नंतरही आहेत, आणि पुस्तक संपतं ते देवाने आपल्याला टाकलं की काय या शंकेने. आशा तिथे दुःख सरल्यावर बक्षीस म्हणून आलेली नाही. ती मधोमध आली आहे आणि तिच्यानंतरही रडणं चालूच आहे. तुझी आशा आज अशीच असेल तर ती कमी प्रतीची आहे असं समजू नकोस.

आता त्या दुसऱ्या उपदेशाबद्दल. त्या पोरीच्या चुलत्याने म्हणे तुलाच शास्त्र ऐकवलं, "तुमचा येशू तर म्हणतो दुष्टाला अडवू नका, दुसरा गाल पुढे करा." असं आपल्याच काही पाळकांनी मार खाणाऱ्या बायकांना ऐकवलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तेव्हा हे नीट समजून घे. ज्याने दुसऱ्या गालाचं सांगितलं, त्याला महायाजकापुढे एका शिपायाने चपराक मारली. योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. येशूने उलट हात उगारला नाही, पण तो गप्पही बसला नाही. मी चूक बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मारलंस का, असा त्याने तिथल्या तिथे जाब विचारला. पौलाचंही ऐक. फिलिप्पै गावी त्याला आणि सीलाला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. पौल उठून निमूट चालू लागला नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघड्यावर मारलंत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः या आणि बाहेर काढा, असं त्याने ठणकावलं, आणि अधिकाऱ्यांना यावं लागलं. सूड घेऊ नका याचा अर्थ जाब विचारू नका असा होत नाही. आणि दुसरा गाल कधी पुढे करायचा ते ज्याच्या गालावर बसली त्याने ठरवायचं. दुसऱ्याच्या पोरीचा गाल पुढे करायचा हक्क चुलत्यालाही नाही आणि पाळकालाही नाही.

हे जगून दाखवलेली बाई आपल्याच मुलखातली. पंडिता रमाबाईंचा पांढऱ्या लुगड्यातला फोटो तू शब्बाथशाळेपासून पाहतेस, पण फोटोमुळे माणूस सोपा होऊन जातो. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. उरलेली दोघं भावंडं देशभर पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत कबरीसारखे खड्डे खणले, आत उतरले, डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला.

इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींकडे राहत असताना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा होता, आणि त्यांच्यातल्याच काही जणी सावरून आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. हे कशाच्या बळावर, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. विश्वासाची त्यांची सुरुवात अशी, एका मोडलेल्या बाईशी येशू कसा वागला यापासून. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण म्हणून मान तुकवली असं मात्र नाही. ज्या भगिनींनी त्यांना ख्रिस्त दाखवला त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या, कारण शास्त्र स्वतः वाचून ठरवण्याचा हक्क त्या कोणाकडे गहाण ठेवायला तयार नव्हत्या.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई म्हणजे पुढच्या बाया कर्वे. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि ज्या बाईने वाळूच्या खड्ड्यात रात्र काढली होती तिला घरी बसवेना. उपाशी पोरींवर डोळा ठेवून असलेली माणसं तिथे कमी नव्हती. रमाबाई गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. प्लेगच्या नियमांमुळे एवढा जथा पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावला माळावर झोपड्या उभारल्या. तेच मुक्ती सदन. १८९७ साली पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांची जी आबाळ होत होती त्याबद्दल रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये सडकून लिहिलं. सरकारने आरोप फेटाळले. लक्षात घे, ते राज्य स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं होतं. पुण्यातले सनातनी त्यांच्यावर आधीच तुटून पडले होते, धर्मांतराच्या वादावरून न्यायमूर्ती रानड्यांसारखी साथ देणारी माणसंही १८९३ साली दूर झाली होती. तरी, राज्यकर्ते आपल्या धर्माचे आहेत तर गप्प बसावं, असा हिशेब त्यांनी केला नाही.

आणि पुढे, मुक्तीचं काम चालू असताना, त्या आणखी काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं अशी भाषा हवी, हा ध्यास. केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्याच मुली खिळे जुळवायच्या. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. आई प्रुफं तपासत राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण भाषांतर छापून बाहेर आलं ते त्यानंतर. आपण वाचणार नाही ते पुस्तक दुसऱ्या कोणी वाचावं म्हणून अखेरपर्यंत अक्षर न्‌ अक्षर तपासायचं. मला तरी आशा म्हणजे हेच वाटतं.

शास्त्रात याचा अगदी नेमका दाखला आहे. यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय काढ. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलेला. नगर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत होता आणि त्याबद्दल राजाने त्याला पहाऱ्यात ठेवलं होतं. अशात चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे. शत्रूच्या टाचेखालचा तो मुलूख, तिथल्या शेताला फुटकी कवडी कोण देईल? यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारुख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या मडक्यात घाल, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील हे देवाचं वचन आहे, म्हणून. वेढा उठला नाही. नगर पडलं, जळलं. यिर्मयाने त्या शेतात कधी नांगर धरल्याचं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. पण कागद पक्का होता.

सुवार्ता, तुझंही काम कागदाचंच आहे, आणि त्याचाच तुला वीट आला आहे. म्हणून सांगते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार जिचं लग्न अल्पवयात लावलं ती सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाची वीस वर्षं पुरी व्हायच्या आत, ते रद्द करून घेण्यासाठी कोर्टात जाऊ शकते. त्या वेळी तिच्या हातात काय असेल? बापाने लिहून दिलेला कागद तुझ्याकडे आहे. तुझ्या तक्रारीची पोच तुझ्याकडे आहे. शाळेतून तिच्या जन्मतारखेचा उतारा काढून घे, मुख्याध्यापकांचा शिक्का नीट उमटला आहे ना ते पाहा. लग्न कधी, कुठे, कोणी लावलं याची तुला ठाऊक आहे तेवढी टिपणं तारखेसकट लिही आणि खाली सही कर. एक प्रत तुझ्या संस्थेत, एक दुसऱ्या विश्वासू माणसाकडे. ती पोर कदाचित कधीच मागायला येणार नाही. आली, तर या कागदांवाचून तिचं अडू नये.

दुष्टाईला विसरण्याची फार गरज असते. दाखले गहाळ व्हावेत, साक्षीदारांची आठवण जावी, तक्रार करणारीने दमून बदली मागावी, एवढंच तिला हवं असतं. येशूच्या दाखल्यातल्या विधवेने नेमकं हेच होऊ दिलं नाही. न्यायाधीश देवाला भीत नव्हता, माणसाची भीड धरत नव्हता. तिच्याकडे ना पैसा, ना वशिला. ती खेटे घालत राहिली, आणि शेवटी त्याने न्याय दिला तो तिच्या कटकटीला कंटाळून. लूक सुरुवातीलाच सांगतो की हा दाखला प्रार्थनेविषयी आहे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं प्रार्थना कर, तर म्हण, करतेच आहे, कचेरीच्या दारात.

एक धोका मात्र ओळखून राहा. तुझ्या पत्रात त्या बापाबद्दल जे शब्द होते ते वाचून मला त्याची नाही, तुझी काळजी वाटली. त्याने केलं ते पाप आहे आणि गुन्हाही; त्याला कायद्यापुढे उभं करायलाच हवं. पण इफिसकरांच्या पत्रात पौल म्हणतो की आपलं झगडणं रक्तामांसाच्या माणसाशी नाही. समोरचा माणूस ज्याच्या दावणीला बांधला गेला आहे ते खरं बळ वेगळंच. इथे ते उचलीत आहे, न फिटणाऱ्या कर्जात आहे, बाईला अर्धा कोयता मोजणाऱ्या हिशेबात आहे. त्या बापाचाही याच हिशेबात लहानपणीच चुराडा झाला असेल. त्याचा द्वेष केलास तर ते बळ तसंच राहतं, वर तुझ्यातही शिरतं. रोमकरांच्या पत्राच्या बाराव्या अध्यायाचा शेवट तुला तोंडपाठ आहे. वाइटाला बऱ्याने जिंकायचं ते कसं, तर त्या घरात एक धाकटी बहीण आहे असं तूच लिहिलंस. आईबाप तोडीला जातील तेव्हा ती गावात, हंगामी वसतिगृहात राहून शाळा कशी चालू ठेवेल ते बघ. त्यासाठी त्याच बापाच्या उंबऱ्यावर जाऊन त्याच्याशी गोडीने बोलावं लागेल. दुसरा गाल पुढे करायचा असेल तर तो तुझा स्वतःचा, आणि इथे.

आता शेवटचं. एलीया ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. मग दूताने उठवून ताजी भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खाऊ घातलं. एकटाच उरलो ही तक्रार, अजून सात हजार विश्वासू उरले आहेत हे तिच्यावरचं देवाचं उत्तर आणि सोबतीला मिळालेला अलीशा, हे सगळं त्यानंतरचं. पत्रावरून दिसतं की तू जेवणं टाळतेस आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फायली चाळतेस. हे बंद कर. चार दिवसांची रजा टाक आणि नगरला ये. येताना त्या नव्याने रुजू झालेल्या मुलीलाही आण, जिच्याबद्दल तू लिहिलंस की तिला काही येत नाही. कागद कसा पक्का करायचा ते तिला शिकव. पुढच्या हंगामाआधी त्या तालुक्यात हे काम जाणणाऱ्या तुम्ही दोघी असायला हव्यात.

तुझी,
आत्या