बोलायचं ते काट्यापाशी

अंगणवाडीचं वजनाचं रजिस्टर हातात आलं की मी आधी दशांश चिन्हापुढचा आकडा बघते. ९.०, १०.५, ११.०, ९.५ असं पानभर उतरत गेलेलं दिसलं, की यातली बरीच वजनं काट्यानं नव्हे, नजरेनं घेतली आहेत हे कळतं. टांगता काटा शंभर ग्रॅमचा फरक दाखवतो. खरी मुलं ९.३, १०.७, ८.९ अशी वेडीवाकडीच भरतात. देवरी तालुक्यात पर्यवेक्षिका म्हणून फिरताना असं पान समोर येतं, तेव्हा चूक ओळखायला मिनिटही लागत नाही. ती सेविकेला कशी सांगायची, यात मात्र सगळं कसब आहे.

सर्वांत सोपी जागा म्हणजे मासिक सभा. बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या, सगळ्या सेविका बसलेल्या असतात, एकीला उभं करायचं आणि विचारायचं, “तुमच्याच गावात एवढी कुपोषित मुलं कशी?” या प्रश्नानं गावातलं मूल सुधारत नाही. पुढच्या महिन्यात ते रजिस्टरात तेवढं सुधारलेलं असतं. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित धरतात, १२.५ पर्यंत मध्यम. काठावरचं मूल पलीकडे ढकलायला पट्टी जराशी सैल धरली तरी पुरतं. बोलणी टळतात, पण ज्या लेकराला ग्राम बालविकास केंद्रात जास्तीचा आहार आणि औषध मिळायचं, ते यादीतून निसटतं. जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देणाऱ्या डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञानं व्यवस्थापनाची १४ सूत्रं मांडली. त्यात माणसांच्या मनातली भीती घालवणं हे एक सूत्र आहे. कारखान्यात भीतीपोटी खराब माल लपतो. आमच्याकडे मूल लपतं.

म्हणून मी बोलते ती काट्यापाशी, आणि ज्या ताईंचं काम आहे त्यांच्याशीच. “ताई, आज आपण दोघी मिळून पाच मुलं मोजू,” एवढंच म्हणते. काटा शून्यावर आहे का, अंगावर स्वेटर आहे का, काटा स्थिर झाल्यावर वाचला का, हे हात चालू असताना आपोआप दिसतं. उंचीचंही तसंच. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं असतं. उभं करून मोजलं तर उंची साधारण ०.७ सेंटिमीटरनं कमी येते. उंची कमी लिहिली गेली की तेच वजन त्या उंचीला बरं दिसायला लागतं. हे नियम म्हणून सांगितलं तर कानावरून जातं. एकाच मुलाला दोन्ही तऱ्हांनी मोजून दोन आकडे शेजारी लिहिले, की मला पुढे काही बोलावं लागत नाही.

मग विचारायचं आणि गप्प बसायचं. उत्तर बहुतेक वेळा आळसाचं नसतं. “रोवणी सुरू आहे जी मॅडम, माय पहाटेच बांधीत जाते, लेकरू आजीपाशी. आणावं कोणी?” रोवणी म्हणजे भातलावणी, बांधी म्हणजे भाताचं शेत. चिचगड-ककोडीकडच्या गावांत हे जुलै-ऑगस्टचं रोजचं चित्र आहे, मार्च-एप्रिलमध्ये वेचायला मोहफुलं असतात, मेमध्ये तेंदूपत्ता. अशा वेळी “वजन वेळेवर घ्या” या सूचनेला काही अर्थ उरत नाही. माय बांधीत जायच्या आधी त्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, काटा नेता येईल का, मदतनीस सोबत येईल का, हे ठरवता येतं. जी सूचना त्या गावात, त्या हंगामात पाळता येत नाही, ती द्यायचीच नाही.

कौतुकाचंही तेच. “छान काम” म्हटल्यानं कोणाला काही कळत नाही. “ते लेकरू दोन महिने वाढत नव्हतं, ते तुम्ही ओळखून आरोग्य केंद्रात नेलंत,” असं म्हटलं की नेमकं काय पुन्हा करायचं ते कळतं. आणि हे मात्र सभेत, सर्वांसमोर सांगायचं. अंगणवाडी सेविकांना पगार नाही, मानधन मिळतं. त्यांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ मधला निकाल यावा लागला. ज्यांना साधा पगारही नाही, त्यांच्याशी बोलताना शब्द जपूनच वापरावा लागतो.

जाताना भेट नोंदवहीत शेरा लिहावा लागतो. “कामात सुधारणा करावी” हा शेरा कुठल्याही गावात, कुठल्याही महिन्यात चालतो, म्हणून तो निरुपयोगी आहे. मी एकच गोष्ट लिहिते: “दोन वर्षांखालील मुलांची उंची झोपवून मोजणे.” पुढच्या भेटीत पहिल्यांदा तेच पान उघडते. मी बघणार आहे, हे ताईंना ठाऊक असतं. आणि बघितलं नाही तर ते वाक्य माझ्याच अंगावर येतं.

एवढं सगळं नीट जमलं तर पुढच्या महिन्यात काय होतं? कुपोषित मुलांची संख्या वाढते. मोजमाप खरं झालं म्हणून वाढते. वरून विचारणा होते, “तुमच्या बीटचा आकडा का चढला?” तेव्हा मी सेविकेचं नाव पुढे केलं, तर काट्यापाशी बसून केलेलं सगळं बोलणं त्या दिवशी वाया जातं. त्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचं असतं: मुलं आधीही होती, आता ती ताईंनी मोजली.