एसच्या डोक्यावर

विश्रामबागेत प्रत्येक बंगल्याला पाटी आहे, आमच्याच नव्हती. नाना होते तोवर 'कुलकर्ण्यांचा बंगला' एवढे पोस्टमनला पुरत असे. गेल्या वर्षी नाना गेले आणि दादाने ठरवले, पाटी हवी, आणि तीही इंग्रजीत. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन कॉलेज शेजारी असताना मराठी पाटी बरी दिसत नाही म्हणे!

पेंटरने 'कुलकर्णीज' लिहिले आणि ब्रश थांबवला.

"साहेब, हा वरचा स्वल्पविराम एसच्या अलीकडे मारू का पलीकडे?"

अलीकडे म्हणजे एका कुलकर्ण्याचा. पलीकडे म्हणजे सगळ्यांचा. वाटणीचा विषय आम्ही दोघा भावांनी वर्षभर टाळला होता. तो या भल्या माणसाने दोन मिनिटांत काढला.

"अलीकडे घाल," दादा म्हणाला. "तसंच दिसतं सगळीकडे."

"दादा, आपण दोघं आहोत," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

"तू बी. कॉम. ना रे? मग इंग्रजी कशाला शिकवतोस?"

आता काय सांगणार? वीस वर्षे मी चेकवर 'पेयीज अकाउंट ओन्ली' वाचतोय. त्यातला स्वल्पविराम निम्मे लोक गाळतात, तरी पैसे ज्याचे त्यालाच पोचतात. लॉइड्स, बार्कलेज या खुद्द साहेबाच्या बँका नावात तो घालतच नाहीत.

मराठीत ही कटकट नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, त्याच्याही आधीपासून आपण वडीलधाऱ्यांना अनेकवचनी करून ठेवले आहे. 'कुलकर्ण्यांचा' म्हटले की एक असो नाहीतर दहा, एका अनुस्वारात सगळे मावतात. नाना जन्मभर एकटेच बहुवचनात राहिले.

रात्री मुलीचे व्याकरणाचे पुस्तक चाळले. जुन्या इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय 'ईएस' होता म्हणे. पुढे त्यातला 'ई' गळाला, त्या जागेची ही खूण. म्हणजे जो गेला त्याची जागा धरून ठेवणारे चिन्ह. पुस्तक मिटले. नानांची आरामखुर्ची अजून व्हरांड्यातच आहे.

सकाळी पेंटरला म्हटले, "पलीकडे नको, अलीकडेही नको. दादा म्हणेल तसं कर."

दादाने त्याला आधीच निरोप दिला होता, "धाकटा म्हणेल तसं कर."

बिचाऱ्याने ठिपका बरोबर एसच्या डोक्यावर दिला. आईला वाटते माशी बसलीय. रोज फडके मारते.