येत होते आणि आले

इंदूरमधील मराठी कुटुंबातील एक गृहिणी सातवीनंतर सुटलेले शिक्षण चाळिशीत पुन्हा हाती घेते आणि दहावीची परीक्षा उत्तीर्ण होते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिला शिक्षणाविषयी इंग्रजीत विचारले जाते. ती अभिमानाने सांगते, ‘आय कुड पास टेन्थ.’ ‘मी दहावी उत्तीर्ण होऊ शकले’ हेच तिला म्हणायचे असते. ऐकणाऱ्याला मात्र ‘मी कदाचित उत्तीर्ण होऊ शकेन’ असे वाटते. रात्री जागून मिळवलेले यश एका शब्दामुळे नुसती शक्यता होऊन बसते.

‘कॅन’चे भूतकाळी रूप ‘कुड’, हे तिने पाठ केलेले असते आणि ते खरेही आहे. परंतु ‘कुड’ मुख्यतः पूर्वी अंगी असलेले कौशल्य सांगते. ‘शी कुड स्विम’ म्हणजे तिला पोहता येत असे. एखाद्या प्रसंगी प्रयत्नाने एखादे कार्य साधले, असे सांगताना इंग्रजी भाषा ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ ही रूपे योजते. पुराच्या दिवशी तिला नदी पार करता आली, म्हणजे ‘शी वॉज एबल टू क्रॉस द रिव्हर’. पाहणे, ऐकणे यांसारख्या क्रियांना मात्र एका प्रसंगीही ‘कुड’ चालते. त्या गृहिणीने ‘आय मॅनेज्ड टू पास’ किंवा साधे ‘आय पास्ड’ म्हटले असते, तर गैरसमजाला जागाच उरली नसती.

हा भेद मराठी माणसाला परका नाही. ‘पोहता येत असे’ आणि ‘नदी पार करता आली’ यांतील अंतर तो न शिकताच पाळतो. ‘कॅन’चा जुना अर्थही ‘जाणणे’ असाच होता. मराठीतही ‘तिला कन्नड येते’ म्हणजे ती कन्नड जाणते. ‘कुड’च्या लेखनातील ‘एल’ हे अक्षर तर मुळात त्या शब्दाचे नव्हेच. ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या अनुकरणाने ते तेथे येऊन बसले. ज्या भाषेच्या लेखनातच अशी चूक रूढ झाली, ती शिकताना चुकण्याची लाज कशाला बाळगायची?

नकारात मात्र इंग्रजीतील हा भेद मावळतो. ‘वाचता येत नव्हते’ आणि ‘शाळेत जाता आले नाही’ या दोन्हींसाठी ‘कुडन्ट’ हा एकच शब्द पुरतो. मराठी येथेही दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवते. पहिल्या वाक्यात कौशल्याचा अभाव आहे, तर दुसऱ्यात परिस्थितीचा अडसर. प्रौढ वयात पुस्तक उघडणाऱ्याने हा फरक मनाशी जपावा. ज्याला शिकता आले नाही, त्याला शिकता येत नव्हते, असा अर्थ कोणी काढू नये. त्याने स्वतः तर मुळीच काढू नये.