पुण्याला गेलात तर थोडे पायी चाला

पुण्याला आपल्यापैकी कोण जात नाही? कुणी ससूनला दाखवायला जातो, कुणी मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी, कुणी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन. काम उरकते, पट्टी हातात पडते आणि स्वारगेटला मिळेल ती एस. टी. धरून माणूस गाव गाठतो. घरी कुणी विचारले, "काय पाहिलंत पुण्यात?" तर उत्तर ठरलेले, "गर्दी!"

माझे माहेर पुण्याच्या शुक्रवार पेठेतले आणि सासर जिरायती गावातले. दिवाळीला आणि उन्हाळ्यात चार दिवस माहेरी गेले की मी मुलांना घेऊन पेठांतून पायी हिंडते. लहानपणी ज्या गल्ल्यांतून नुसतीच शाळेत जात होते, त्या आता सासरच्या डोळ्यांनी पाहते. आणि खरे सांगते, मंडळी, हे शहर आपल्याला वाटते तितके परके नाही. तुमच्याही हाताशी दोन तास असतील, तर चला माझ्याबरोबर.

स्वारगेटजवळच सारसबाग आहे. इथे पेशव्यांच्या काळी तळे होते आणि तळ्याच्या मधोमध बेटावर गणपती. तळ्याची बाग झाली, पण जुनी माणसे अजून 'तळ्यातला गणपती' असेच म्हणतात. थंडीच्या दिवसांत गेलात तर या गणपतीच्या अंगात लोकरीचा स्वेटर आणि डोक्याला कानटोपी दिसेल. हसू नका. थंडीत आपण बैलाच्या अंगावर गोणपाट टाकतोच की! ज्याच्यावर माया आहे त्याला गारठ्यात उघडे कसे ठेवायचे?

तिथून बाजीराव रस्त्याने निघालात की राजा दिनकर केळकर संग्रहालय लागते. दिनकर केळकर हे कवी. 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी जन्मभर वस्तू जमवल्या आणि वीस हजारांच्या आसपास जमलेला तो ठेवा सरकारच्या, म्हणजे आपल्या सर्वांच्या, स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी पाहायला मिळतील अशा समजुतीने आत जाल, तर नवल वाटेल. इथे मान आहे तो दिव्यांना, अडकित्त्यांना, कुलपांना आणि पाय घासायच्या वज्रींना. पक्ष्याच्या आकाराचे अडकित्ते पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, असला तर आपल्या माळ्यावर पडलाय!" घरी आल्यावर तो शोधून, चिंचेने घासून त्यांनी कोनाड्यात ठेवला. भंगारवाल्याच्या हाती जाता जाता तो वाचला.

पुढे मंडई. आता स्वारगेटहून जमिनीखालून मेट्रोनेही मंडईला जाता येते, पण पायी गेलेले बरे. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. १८८६ साली ही आठ पाखांची, मधोमध उंच मनोरा असलेली दगडी इमारत उभी राहिली आणि गव्हर्नरच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणू लागले. आता यातली गंमत ऐका. महात्मा जोतीराव फुले त्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांनी विरोध केला. त्याच सुमारास, १८८३ साली, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेले आणि त्यांच्या पुढाकाराने या मंडईला नाव मिळाले ते फुल्यांचेच! ज्या वास्तूला त्यांनी विरोध केला, तिच्यावर आज शेतकऱ्याच्या कैवाऱ्याचे नाव आहे. तुमची मेथी-कोथिंबीर या ओट्यांवर मांडलेली पाहाल, तेव्हा एवढे जरूर आठवा.

भूक लागली असेल तर इथेच आसपास 'मस्तानी' मिळते. आटीव थंड दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. प्यायची की चमच्याने खायची, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. लहान मुली बरोबर असतील तर तुळशीबागेत शिरा. भातुकलीची इवलीशी पितळी भांडी तिथे मिळतात. चुलीपासून बंबापर्यंत सगळा संसार ओंजळीत मावतो.

आता देवांची नावे ऐका. पासोड्या विठोबा, कारण त्याच्याजवळ पासोड्या विकणारे बसत. जिलब्या मारुती, कारण शेजारचा हलवाई त्याला जिलब्यांची माळ घाली, असे सांगतात. भिकारदास मारुती हा भिकाऱ्यांचा नव्हे. भिकारदास नावाच्या सराफाच्या बागेतला. खुन्या मुरलीधराच्या स्थापनेच्या वेळी पेशवाईच्या अखेरीस चकमक होऊन माणसे पडली, म्हणून ते नाव. पासोड्या गेल्या, हलवाई गेला, सराफाची बागही गेली. देवाच्या नावात मात्र त्यांची खूण राहिली.

हौदांचेही तसेच. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून भुयारी नळाने ते पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले. ना पंप, ना वीज. आपल्या पाटासारखे नुसत्या उताराचे पाणी. वाटेत हवेसाठी उच्छ्वास आणि पेठोपेठी हौद. काळा हौद, बदामी हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. त्या हौदांवर घागरी भरणारे मात्र आता कुणी नाही.

पाय दुखत नसतील तर शेवटी सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती पाहा. अठराव्या शतकातले काळ्या दगडाचे देऊळ. गणपतीला सोंडा तीन आणि बसायला उंदीर नव्हे, मोर! दर्शनी भिंतीवर गोरे शिपाई साखळदंडाने गेंडा बांधताहेत असे शिल्प आहे. इंग्रजांनी बंगाल-आसाम कसा जखडला, हे त्या कारागिराने दगडात सांगितले, असा त्याचा अर्थ लावतात. पुण्याच्या पाथरवटाच्या छिन्नीला आसामच्या गेंड्याची खबर होती, हे केवढे नवल!

मंडळी, हे सगळे पाहून मला दर वेळी आपल्या शिवाराची आठवण येते. आपल्याही प्रत्येक तुकड्याला नाव असते: चिंचेचे, वाण्याचे, विहिरीखालचे, म्हसोबाची पट्टी. जमिनींचे एकत्रीकरण झाले, सातबाऱ्यावर गट नंबर आला आणि नवी मुले आता नंबरच बोलतात. माझ्या सासऱ्यांना शिवारातली सगळी नावे पाठ होती. दोन वर्षांपूर्वी ते गेले. सासूबाईंनी आठवून आठवून चोवीस नावे सांगितली, ती मी वहीत उतरवली. ओढ्याकडच्या एका तुकड्याला 'रडकी' म्हणतात. का, हे आज गावात कुणालाच सांगता येत नाही.

पुण्याच्या देवांची नावे लोकांनी बोलत ठेवली, म्हणून टिकली. तुमच्या घरी कुणी ऐंशीच्या पुढचे असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. मुलांच्या हातात वही द्या. बांध कुठला, झाड कुणी लावले, विहिरीला ते नाव का पडले, सगळे विचारा. पेरणीला अजून अवकाश असेल. या कामाला नाही.