शंभर वॅटचा चार्जर आणि तांब्याचा हिशोब

मंडळी, सुट्या संपून पोरं पुण्या-नाशिकला परत निघाली की एक प्रश्न हमखास येतो. "काका, लॅपटॉपला प्रवासात न्यायला छोटा चार्जर घ्यायचाय. 65 वॅटचा घेऊ की 100 चा?" मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असं दुकानदारानं आधीच डोक्यात भरलेलं असतं.

खोक्यावरचा आकडा पुष्कळदा एकच पोर्ट वापरला तर खरा. 65 वॅटच्या चार्जरवर शेजारी मोबाइल लावला की बऱ्याच मॉडेलांत लॅपटॉपच्या वाट्याला 45 च उरतात. बंद लॅपटॉपला तेवढे पुरतात. पण काम सुरू असेल तर बॅटरी रेंगाळत भरते, काम जड असेल तर उलटी उतरतेसुद्धा.

आता केबल. तांबं किती लागलंय यावर भांड्याचा भाव ठरतो, हे सोनगीरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. जास्त करंट न्यायचा तर तांबं जाड हवं. टाइप-सीची साधी केबल 3 अँपिअरची, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅट. त्यापुढे जायचं तर 5 अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. ती नसेल तर 100 वॅटचा चार्जर नियमानं 60 वरच थांबतो. पैसे मात्र शंभरचे गेलेले असतात.

गॅलियम नायट्राइडमुळे चार्जर मुठीत मावतो, हे खरंच. पण उष्णता बाहेर टाकायला अंगही तेवढंच लहान. उशीखाली ठेवून झोपणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या.

म्हणाल, मग छोट्या वॅटचाच घ्यावा? तेही नाही. नरडाण्याहून सुरतेकडं जाणारी लाईन पश्चिम रेल्वेची. 2021 च्या मार्चमध्ये त्यांनी आगीच्या धास्तीनं रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंग पॉइंट बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणजे जे भरायचं ते 11 च्या आत, तिथं 30 वॅटचा काय कामाचा? त्यात कित्येक डब्यांत सॉकेटवर 110 व्होल्ट लिहिलेलं असतं. तेवढेच वॅट ओढायला घरच्यापेक्षा दुप्पट करंट लागतो, चार्जर जास्त तापतो. म्हणून पाठीवर 100-240 व्होल्ट छापलेलं हवंच, आणि मानक ब्यूरोचा आर नंबरही. नसेल तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

माझी तक्रार सरकारकडं आहे. भारतीय मानक ब्यूरोनं जानेवारी 2023 मध्ये टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. पोर्ट एक झाला म्हणून ताकद एक होत नाही. युरोपनं मोबाइलला 28 डिसेंबर 2024 पासून, लॅपटॉपला 28 एप्रिल 2026 पासून टाइप-सी सक्तीचं केलं, आणि यंत्राला कमीत कमी व जास्तीत जास्त किती वॅट लागतात हे खोक्यावर छापायलाही लावलं. आपल्याकडं तसंच छापा, शिवाय चार्जरवर प्रत्येक पोर्टचे वेगळे वॅट आणि केबलवर तिचे अँपिअर. गावातल्या गिऱ्हाइकाला गुगल करायला लावू नका. ग्राहक चळवळीतली मंडळी वाचत असतील तर पुढच्या निवेदनात हा मुद्दा घ्या.

तोवर पोरांनो, खरेदीआधी जुन्या अॅडॉप्टरच्या पाठीवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणा. 20 गुणिले 3.25, म्हणजे 65. जुना गोल पिनचा लॅपटॉप असेल तर टाइप-सीतून तो चार्ज होतो का, हेही आधी बघा.