वाक्य तोडू नका

पावसाळ्यात गोसीखुर्दचं नाव बातम्यांत येतं ते एका वाक्यापुरतं: धरणाचे इतके दरवाजे इतक्या मीटरने उघडले. वैनगंगेवरच्या या धरणाला ३३ दरवाजे आहेत. १९८८ साली राजीव गांधींनी पायाभरणी केली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी तिथला. आता पुण्यात शेतीपंपाच्या नियंत्रकासाठी सी भाषेत सॉफ्टवेअर लिहितो. त्यातले संदेश मराठीत आणायचं काम आलं, तेव्हा सरावाला मी बातमीतलं हेच वाक्य घेतलं.

सीमध्ये यासाठी गेटटेक्स्ट वापरतात. त्याची ग्नू आवृत्ती १९९५ची. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक इंग्रजी वाक्याला एका फंक्शनमध्ये गुंडाळायचं. ती वाक्यं पीओ फाइलमध्ये गोळा होतात, प्रत्येकाखाली मराठी लिहायचं.

अडचण येते ती प्रोग्रॅमरच्या सवयीची. 'स्टार्टेड' एकदाच लिहायचं आणि त्याला हवं ते नाम चिकटवायचं. मराठीत मात्र पंप सुरू झाला, मोटर सुरू झाली, यंत्र सुरू झालं. क्रियापद नामावाचून ठरतच नाही. म्हणून भाषांतराला पूर्ण वाक्यच द्यावं लागतं. इंग्रजीत दरवाजांची संख्या आधी आणि मीटर नंतर. मराठीत 'अर्ध्या मीटरने ९ दरवाजे उघडले' असंही म्हणतो. कोणता आकडा कुठे बसवायचा, हे प्रिंटएफला क्रमांक देऊन सांगता येतं. 'दरवाजा उघडला' आणि 'दरवाजे उघडले' यांसाठी एनगेटटेक्स्ट दोन वेगळी वाक्यं ठेवतं.

मला धास्ती वेगळीच होती. भाषांतर सापडलं नाही तर गेटटेक्स्ट तक्रार करत नाही, गुपचूप इंग्रजी दाखवतं. मूळ वाक्यात कुणी एखादा शब्द बदलला, की जुन्या मराठी ओळीवर 'फझी' असा शिक्का बसतो. माणसाने वाचून तो काढेपर्यंत ती ओळ तयार फाइलमध्ये जात नाही. इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

इशाऱ्याची एकही ओळ फझी किंवा रिकामी असेल तर बिल्ड थांबावं, असा आग्रह मी धरला. "एवढं इंग्रजी सगळ्यांना कळतं," असं टीममध्ये एकाने म्हटलं. खरं आहे. आमच्याकडे 'मोटर' कळतं, 'स्टार्ट' कळतं. पण 'डू नॉट स्टार्ट' मधलं 'नॉट' कळलं नाही, तर उरलेल्या दोन शब्दांचा अर्थ नेमका उलटा होतो.

आता बिल्ड थांबतं.