गोंदूरच्या पोराला मुंबईची वाट दाखवणारे मास्तर

नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा पाहायला आपल्याकडून गाड्या भरभरून लोक जातात. त्याचे शिल्पकार राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे, हे खानदेशात आता पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यांचे गुरू जोशी मास्तर मात्र कुणाच्या फारसे बोलण्यात येत नाहीत. 1925 साली गरीब घरात जन्मलेल्या या मुलाचा हात जोशींनी ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. 1953 साली त्याच मुलाने तिथलं मेयो सुवर्णपदक मिळवलं. मी जन्मभर चित्रकला शिकवली. या कहाणीत मला सर्वांत मोठे वाटतात ते मास्तर.

हात ओळखायचा म्हणजे आधी पोराला बघायला शिकवावं लागतं. वस्तुचित्राच्या तासाला समोर तांब्या ठेवला की पोरं त्याचं तोंड वाटोळं गरगरीत काढतात, कारण ते गोल असतं हे त्यांना माहीत असतं. बाकावरून ते दिसतं लंबगोल, आणि डोळ्याच्या पातळीत आलं तर नुसती आडवी रेघ. ‘माहीत आहे ते राहू दे, दिसतंय ते काढ,’ हे अंगी मुरायला वर्ष जातं. स्मरणचित्राचंही तसंच. विषय दिला की वहीत दोन डोंगर, मधून सूर्य आणि नारळाची झाडं! अरे, रावेर-सावद्याच्या पोराने केळीचे घड भरलेला ट्रक काढावा, कानबाईची मिरवणूक काढावी. हे ज्याच्या कागदावर उतरतं, त्याच्याकडे मी वळून वळून पाहतो.

शाळा सुटली तरी ड्रॉइंग सरांची सुटका नसते. फलकलेखन, स्नेहसंमेलनाचे पडदे, गणपतीची आरास, सगळं गाव त्यांच्याकडेच येतं. ही कामं मी आनंदाने केली. ज्या गावात चित्रांचं प्रदर्शन कधी भरत नाही, तिथे लोकांना रंग भेटतो तो इथेच.

आणि आपल्याला अजिंठा किती जवळ आहे! तिथली चित्रं वर्षानुवर्षं उतरवून घेणारा रॉबर्ट गिल आपल्या भुसावळला पुरला आहे. त्याच्या बहुतेक प्रतिकृती 1866 साली लंडनच्या आगीत जळाल्या. 1954 ते 58 या काळात राम सुतारांनी पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या शिल्पांची डागडुजी केली. सहल न्या ती वही-पेन्सिल घेऊन. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घरही दाखवा.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात, म्हणून पालक येतात. येऊ देत. त्या 7 गुणांसाठी आलेलं पोरही रंगात रमतं. खरी चिंता वेगळी आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीला कलेसाठी सांगितला तो अंशकालीन निदेशक, तोही पट 100 च्या वर असेल तर. लहान गावातल्या पोराचा हात मग ओळखायचा कुणी?

माझ्या निवृत्त सहकाऱ्यांनो, जवळच्या ज्या शाळेत ड्रॉइंगची जागा रिकामी आहे, तिथे आठवड्यातून एक तास तरी जा. आणि मुख्याध्यापकांनो, तो तास गणिताला देऊ नका.